अकरातले पाच

गेल्या वर्षी तमिळ पंचांगातल्या आडी महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वादहा वाजता, गिंडीतल्या एका डबिंग स्टुडिओत आम्ही तिघं हजर होतो: रावसार, ध्वनिमुद्रण करणारी कलैसेल्वी आणि मी. हवे होते अकरा. पडद्यावर निघाले पाच. ते पाच मी मोजले, म्हणून हे मीच लिहायला हवं.

रावसार मैलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहत. तंजावरकडचे मराठी. मी लेखापरीक्षण कार्यालयातला. बदली होऊन आलो तेव्हा इमारतीत मराठी बोलणारे ते आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाई, असे दोघंच. पहिल्या भेटीत मला ते विचित्र वाटले. समोरचा बोलू लागला की ते त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत. ओठांकडे बघत, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत राहत. ओठ किती वेळा उघडले ते मोजत. माझी बायको महिनाभर त्यांच्यासमोर तोंडाला पदर लावून बोलत होती. शेवटी गिरिजाबाईंनीच तिला सांगितलं, की घाबरू नका, त्यांचं पोट ओठांवर चालतं.

परदेशी चित्रपटांचे संवाद तमिळमध्ये लिहायचं त्यांचं काम. पडद्यावरचं तोंड जितक्या वेळा उघडेल तितकीच अक्षरं लिहायची, एक कमी नाही, एक जास्त नाही. "ओंठ मिटले कीं आवाज निजावा," असं ते म्हणत. त्यांची मराठी अशीच होती, जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी, मध्येच तमिळ शब्द. मला ते 'ऑडिटर' म्हणत. "तुम्ही रुपये जुळवितां, मी ओंठ जुळवितों. चूक दोघांस माफ नाहीं."

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे एक जपानी कार्टून मालिका. डोंगराएवढा लोखंडी यंत्रमानव, त्याच्या छातीत बसून तो चालवणारा एक पोरगा, आणि यंत्र दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री. बावन्न भाग. आमच्या मुलांच्या लहानपणी त्या वेळेला इमारतीच्या जिन्यात कोणी दिसत नसे. मिस्त्रीचा आवाज स्वतः रावसारांचा. पोराचा आवाज गिरिजाबाईंचा. त्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि त्या भाजी आणायला निघाल्या की खालची पोरं त्यांच्याकडून 'हल्ला करा' असं एकदा म्हणवून घ्यायची. त्याही पिशवी खाली ठेवून म्हणायच्या.

शेवटच्या भागात पोरगा परत न येण्याच्या लढाईला निघतो. मूळ संवाद एवढाच होता, की मी परत येईन. पण तोंड अकरा वेळा उघडत होतं. 'नान् वंदुडुवेन्', म्हणजे मी येईन, यात पाचच झाले. उरलेल्या सहांचं काय करायचं ते रावसारांना दोन दिवस सुचेना. गिरिजाबाई कामाला निघताना त्यांना रोज जे सांगत तेच बाईंनी माइकसमोर म्हणून टाकलं: 'नींगऽ साप्पिडुंगऽ'. तुम्ही जेवून घ्या. बरोबर सहा. रावसार मात्र कधी जेवत नसत. त्या येईपर्यंत ताट झाकलेलं असायचं.

चार वर्षांपूर्वी गिरिजाबाई गेल्या. काविळीचं निमित्त, एकोणीस दिवस. त्यानंतर रावसारांच्या जेवणाला वेळ राहिली नाही. आम्ही डबा वर पाठवायचो आणि तो दुपारी तीनला, चारला, तसाच झाकलेला सापडायचा. बायको रागावली की ते म्हणत, "सरि, सरि, जेवितों," आणि दाराकडे बघत बसत.

मग त्या मालिकेचे चित्रपट निघाले. बावन्न भागांचे तीन, काही दृश्यं नव्यानं काढलेली. तमिळ संवादांसाठी रावसारांनाच बोलावलं. त्यांना चित्रपट आवडले नाहीत. "हाडें मोडून तीन पेट्यांत भरलीं," असं म्हणाले. मालिकेत तो पोरगा एकतीस ठिकाणी जेवताना दिसतो, पहिल्या दोन चित्रपटांत मिळून दोन ठिकाणी. मी स्वतः पडताळून पाहिलं, आकडा खरा होता. लढाया सगळ्या ठेवल्या होत्या.

तरी ते काम त्यांनी घेतलं, एका गोष्टीसाठी. पोराच्या आवाजाला नवी मुलगी होती, पण तिसऱ्या चित्रपटातलं ते शेवटचं वाक्य गिरिजाबाईंच्या आवाजात राहावं, असं त्यांनी कंपनीकडून कबूल करून घेतलं. मालिकेच्या तमिळ आवाजाच्या टेपा पुसल्या गेल्या होत्या. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, तिच्यावर ते वाक्य होतं. बाईंचा दुसरा कुठलाही आवाज उरलेला नव्हता. ही कॅसेट ते घरी लावत नसत. थिएटरात, मोठ्या पडद्यावर, बाईंना एकदा ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या गुरुवारी मला बरोबर नेलं, कारण स्वतःच्या मोजणीवर त्यांचा भरवसा नव्हता. डोळे भरले तर चूक होईल, म्हणाले. दृश्य लागलं. ते नव्यानं काढलेलं होतं. पोरगा वळतो, बोलतो, ओठ मिटतो आणि चेहरा तसाच बराच वेळ पडद्यावर राहतो. कलैसेल्वीनं कॅसेटवरचा आवाज त्यावर सोडला. मिटलेल्या ओठांवर बाई बोलत राहिल्या, की तुम्ही जेवून घ्या.

मग कलैसेल्वी हळूच म्हणाली, "राहू द्या ना सार. मोजायला कोण बसलंय?"

रावसार माझ्याकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "किती, ऑडिटर?"

मला गप्प राहता आलं असतं. नीट दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी दिसलेला आकडा कधी बदलला नव्हता. मी म्हणालो, "पाच."

त्यांनी मान हलवली. "पोदुम," म्हणाले, पुरे. आणि नव्या मुलीला बोलवायला सांगितलं. तेवढे पाच तरी बाईंचे ठेवू या, असं कलैसेल्वीनं सुचवलं. त्यांनी नकार दिला. तिचं वाक्य अर्धं तोडायचं नाही, म्हणाले. परतताना बसमध्ये कॅसेट त्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि खिशावर हात होता.

त्यानंतर सातव्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला. गळ्याला छिद्र पाडून नळी घातल्यामुळे आवाज बंद झाला. चित्रपट लागला त्या शुक्रवारी मी एकटाच जाऊन पाहिला आणि तिथून थेट इस्पितळात गेलो. नव्या मुलीचं वाक्य ठीक पाच वेळा उघडलेल्या ओठांवर बसलं होतं. तसं त्यांना सांगितलं. पुढे मिटलेला चेहरा किती वेळ दिसत राहतो, ते सांगितलं नाही. अडीच वाजले होते आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. बहुधा त्यांना ते माझ्याकडे बघून कळलं असावं.

त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता. मी वाकलो, आणि त्यांच्याकडूनच लागलेल्या सवयीनं अंगठा पेरांवरून सरकवू लागलो. ओठ मिटले तेव्हा अंगठा सहाव्या पेरावर होता.

रविवारी पहाटे ते गेले. कॅसेट त्यांच्याबरोबरच ठेवली. पण त्या शुक्रवारी मी घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं होतं, की ताट वाढू, की थांबायचं. मी म्हणालो, वाढ. आणि बसून सगळं जेवलो.