पंख्याकडे बघणाऱ्या बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पंख्याकडे बघत. यजमानीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी, नवरा "या, या, बसा" म्हणतोय, आणि बाई उंबऱ्यातच मान वर करून उभ्या. "तुमच्याकडे व्होल्टेज पडतंय हो," एवढं सांगून मग चपला काढत. माझ्या लग्नात पंखे मंदावलेले बघून त्या भरल्या पानावरून उठल्या आणि हॉलच्या वायरमनला शोधत निघाल्या. सासरच्यांना वाटलं, मुलीकडची कुणी मानी आत्याबाई रुसली. समजूत काढायला तिघं धावले. बाईंनी त्या तिघांनाही अर्थिंग समजावून सांगितलं.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या डिझाइनच्या प्रमुख होत्या आणि मी टेस्टिंगला, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. विहिरीवरचा पंप घरी बसून रिमोटने चालू-बंद करता येईल अशा पेट्या आम्ही बनवायचो. पेटीत सिग्नल झेलणारा भाग असतो, रिसीव्हर. तो बाईंचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. स्वभावाने अजिबात गरीब नव्हत्या. मीटिंगमध्ये टेबलावर थाप मारून बोलत, स्वतःच्या हुशारीची त्यांना पक्की खात्री होती आणि ती त्या लपवत नसत. "शहरातल्या विजेवर चालणारी वस्तू कुणीही बनवेल. शिवारातल्या विजेवर चालवून दाखवा," हे त्या नव्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी सुनवत.

शिवारातली वीज म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. थ्री फेज लाइट ठरावीक वेळीच येते. ती आली की आपला पंप आपोआप चालू व्हावा म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला. त्यामुळे लाइट आली की अख्ख्या शिवारातले पंप एकाच क्षणी उठतात आणि सगळे मिळून त्या विजेचा गळा धरतात. व्होल्टेज धाडकन खाली येतं, मग उसळी मारतं. मोटारी जळतात, ट्रान्सफॉर्मरची डीपी उडते, आणि मग सगळे मिळून वीज कंपनीच्या नावाने खडे फोडतात. ऑटो मात्र कुणी काढत नाही, कारण शेजाऱ्याने काढलेला नसतो.

या गदारोळात रिसीव्हरने सिग्नल ओळखायचा असतो. साध्या रिसीव्हरमध्ये एक पातळी कायमची ठरवलेली असते. तिच्या वर आलं तो सिग्नल, खाली राहिली ती खरखर. व्होल्टेज हललं की हा हिशेबच चुकतो. खरा सिग्नल ऐकू येत नाही, नाहीतर खरखरीलाच सिग्नल समजलं जातं. बाईंच्या सर्किटमध्ये ही पातळी व्होल्टेजबरोबर खाली-वर सरकायची. "देवळात आणि आठवडे बाजारात आपण एकाच कानाने ऐकतो का?" त्या विचारत. आणि व्होल्टेज फारच डळमळलं, तर ते सर्किट कुणाचंच ऐकायचं नाही. सगळं स्थिर होईपर्यंत पंप बंद ठेवायचं. "ऐकू आलं नाही तर गप्प बसायचं. अंदाजाने पंप चालू करायचा नाही. विहिरीत कोण उतरलंय, ते पेटीला दिसत नसतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की ते आता मला माझंच वाटतं.

आणि नेमकं हे गप्प बसणंच लोकांना खुपायला लागलं. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका गावात नाना म्हणून आमचे जुने गिऱ्हाईक होते. द्राक्षबाग, विहिरीवर आमची पेटी. त्यांची तक्रार आली म्हणून बाई मला घेऊन त्यांच्या मळ्यात गेल्या.

"बाई, लाइट आली का शेजाऱ्याचा पंप लगेच उठतो," नाना म्हणाले. "आपला आपला थांबूनच ऱ्हातो. त्याची दुसऱ्या कंपनीची पेटी हे. लय फास्ट."

"नाना, तुमचा पंप विचार करतोय."

"पंपानं कशाला इचार करायचा? इचार करायला आम्ही हे ना!"

बाई खळखळून हसल्या. मग बांधावर उभं राहून त्यांनी आजूबाजूच्या चौघांना बोलावलं आणि सुचवलं, ऑटो काढा, पाळीपाळीने पंप लावा, सगळ्यांना पुरेल. चौघांनी माना डोलावल्या. पहिला नंबर कुणाचा, यावर त्यांची तिथेच जुंपली. परतताना बाई गाडीत धुमसत होत्या. "ही माणसं सर्किट असती तर बरं झालं असतं," म्हणाल्या.

त्याच सुमारास मालकांचे चिरंजीव, धाकटे साहेब, कारभार बघू लागले. त्यांनी निर्णय दिला: पातळी कायमची करा, थांबणं काढून टाका, पंप लगेच उठला पाहिजे. गिऱ्हाइकाला तेच हवंय. बाईंनी नव्या डिझाइनवर सही करायला साफ नकार दिला. "गिऱ्हाइकाला घाई हवीय, ती मी समजू शकते. तुम्हाला धोका माहीत आहे, तरी तुम्ही ती विकताय," त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या. साहेबांनी चहा मागवला. बाईंचं कुणी ऐकलं नाही. मोबाईल चाळत होते सगळे! पेटीतलं ओ की ठो कळत नसलेला सेल्सचा माणूस वर म्हणाला, "मॅडम, मार्केटचं काय ते आम्हाला कळतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. आजही ती मीटिंग आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाईंना काढून टाकलं असतं तर निदान त्याला सरळपणा तरी म्हणता आलं असतं. साहेबांनी त्यांना गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं. ज्या बाईने ती पेटी जन्माला घातली, तिने आता "कंपनीत आपलं स्वागत आहे" म्हणायचं! पण बाईंनी तेही काम मनापासून केलं, जरा जास्तच मनापासून. प्रत्येक फोनवर त्या सांगू लागल्या, "विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच काढा. रिमोटवर विसंबू नका. आमच्या नव्या पेटीवर तर मुळीच नाही." ते साहेबांच्या कानावर गेलं आणि तेव्हा मात्र त्यांना लगेच ऐकू आलं. बाईंना घरी बसवलं.

नानांनी हौसेने नवी पेटी बसवून घेतली होती. एक दिवस लाइट नसताना, रिमोटवर 'बंद' दाबून ते पंप दुरुस्त करायला विहिरीत उतरले. लाइट आली. शिवारातले सगळे पंप एकदम उठले, व्होल्टेज पडलं आणि त्या खरखरीतून पेटीला 'चालू' ऐकू आलं. नानांचा हात मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगवर होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने काय म्हणावं? व्होल्टेज अस्थिर होतं, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. अरे, अस्थिर व्होल्टेजसाठीच तर ती वस्तू होती! पावसात छत्री फाटली आणि दुकानदार म्हणतो, तुम्ही ती भिजवलीत कशाला.

बाई दवाखान्यात गेल्या, तेव्हा मी बरोबर होते. "मी सांगितलं होतं" असं काही म्हणतील म्हणून मी घाबरले होते. त्या नानांच्या उशाशी बसून राहिल्या. नाना बरे झाल्यावर त्यांच्या विहिरीवर जाऊन बाईंनी नवी पेटी उपटली आणि घरी ठेवलेली आपली जुनी पेटी तिथे बसवली. मग शेजारचेही मागू लागले. बाई घरीच तशा पेट्या बनवून, जे बोलावतील त्यांच्याकडे जाऊन बसवून देत. याच धावपळीत, हृदयविकाराने, त्या अचानक गेल्या. मला रडूसुद्धा लवकर आलं नाही, इतका राग आला होता.

शोकसभा कंपनीच्याच शेडमध्ये झाली. बोलायला धाकटे साहेब! गळ्यात पांढरा रुमाल, हातात कॉर्डलेस माइक. "बाई म्हणजे आमच्या कंपनीचे कान होत्या," ते म्हणत होते, "त्यांचा प्रत्येक शब्द आम्ही..." तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातलं काहीतरी मोठं सुरू झालं असावं. दिवे पिवळे पडले. माइक खरखरला, किंचाळला आणि बंद पडला. साहेबांचे ओठ हलतच राहिले. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. टेस्टिंगच्या आम्ही सगळ्या, स्टोअरचे, गेटवरचे, सगळे मान वर करून पंख्याकडे बघत होतो.

मागच्या रांगेतून नाना उठले. उजवा हात वर केला त्यांनी, तीन बोटांचा.

"साहेब, ऐकू येत नाय," ते म्हणाले. "आता गप बसा."

साहेब खाली बसले. पंखा पुन्हा वेग घेईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.