डाव्या हाताचा नारळ

चार वर्षांत भुजंगला कुणी शिवी दिली नव्हती, आणि हेच त्याचं खरं दुखणं होतं.

ताडकळसपासून दीड कोसावरच्या त्या गावात ज्याच्यावर जीव असतो त्याला आईमाईवरूनच हाक मारतात. पण खांदा निकामी झाला आणि भुजंग्याचा एका दिवसात ‘भुजंगराव’ झाला. चहाच्या हॉटेलात गेला की लोक बाकावर सरकून जागा देत, म्हाताऱ्याला देतात तशी. भुजंग तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

त्याआधी नागपंचमीला नारळ फेकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पैज साधी. गावातल्या मारुतीपासून नारळ फेकायचा, पडेल तिथून उचलायचा, पुन्हा फेकायचा, असं करत अर्ध्या कोसावरचा म्हसोबाचा लिंब गाठायचा. कमी फेकीत पोचेल तो जिंकला, हरेल त्यानं अकरा नारळ द्यायचे. चांगले चांगले गडी तेहतीस-चौतीस फेकी घेत. भुजंग अठ्ठावीसमध्ये लिंबाखाली जाऊन बिडी ओढत बसे.

अठ्ठ्याहत्तर साली तो असाच जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं आणि नाचता नाचता ओढ्याच्या दगडांवर आपटलं. त्याच्या उजव्या पायाखाली पंडित होता. पंडित म्हणजे दरसाल दुसरा येणारा गडी. त्यानं मुद्दाम पाडलं असं अर्धं गाव म्हणे. तो प्यालेला होता असं उरलेलं अर्धं म्हणे. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड चालली होती आणि एसट्या बंद होत्या. त्यामुळे परभणीचा दवाखाना राहिला आणि भुजंगला सटवाजीकडे नेलं. सटवाजी जनावरांची हाडं बसवण्यात पटाईत. त्यानं खांदा असा बसवला की हात छातीच्या वर जाईना. बैल असता तर बरा झाला म्हटलं असतं. बैलाला काही नारळ फेकायचा नसतो.

पुढं पंडितच जिंकू लागला. दरवर्षी जिंकलेल्या अकरातला एक नारळ घेऊन तो भुजंगच्या दारात येई आणि मान खाली घालून म्हणे, “भुजंगराव, तुमचा मान.” भुजंगची बायको धुरपताबाई त्याची झकास चटणी करी. भुजंग त्या दिवशी कोरडी भाकरी खाई.

चौथ्या वर्षी ज्वारी हुरड्यात आली तेव्हा तो शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत होता. उजवा हात गोफण फिरवण्यातून गेलेला, म्हणून डाव्या हातानं धोंडे फेकत होता. एक धोंडा पाखरांना सोडून शेजारच्या किशनरावांच्या म्हशीच्या बरगडीत बसला. किशनराव म्हणजे गावचे जुने मालदार. म्हशीसाठी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेलं. भुजंग शिव्या खायला तयार होऊन बसला. किशनराव म्हणाले, “असू द्या भुजंगराव. म्हशीचं काय एवढं.”

भुजंगनं घरी येऊन झालं ते सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला. “माणूस मेल्यावर बी लोक इतकं गोड बोलत न्हाईत,” तो म्हणाला.

“मग मरू नगा,” धुरपताबाई म्हणाली. “म्हशीपत्तोर धोंडा गेला न्हवं? लय लांब व्हती ती. पंचमीला उतरा.”

सहा महिने डाव्या हातानं धोंडे फेकणं चाललं. दोन रांजण आणि धुरपताबाईच्या सासूची चूल कामी आली, पण हात वळला.

पंचमीला मारुतीपुढं मंडळी जमली आणि किशनरावांनीच खोडा घातला. “देवाचा नारळ हाय. ज्या हातानं माणूस धुतो, त्या हातानं फेकायचा?”

सिताराम गुरव म्हणाला, “आपल्या मारुतीनं डोंगर कोणत्या हातात धरलाय ते बघा की.” सगळे गाभाऱ्यात डोकावले. तीन पिढ्यांच्या शेंदरानं मारुतीचा हात, शेपूट आणि डोंगर एकच झाला होता. कुणाला हात वाटला ते दुसऱ्याला पोट वाटलं. शेवटी सिताराम वैतागून म्हणाला, “देवाचाच हात कोणता ते कळंना, तितं तुमी-आमी कोण?” हे सगळ्यांना पटलं.

पंडित पुढं आला. “भुजंगराव, पाच फेकी तुमाला माफ.”

“एक बी नगं,” भुजंग म्हणाला.

पैज सुरू झाली. वाटेवर काळा चिखल. नारळ पडला की रुतून बसे. भुजंगची फेक पूर्वीसारखी नव्हती, पण सरळ जायची. ओढ्यापर्यंत तो दोन फेकींनी पुढं निघाला आणि गाव पिसाळलं. किशनरावांनी तर तिथल्या तिथं आपला कोंबडा भुजंगवर लावला.

मग भुजंगनं पंडितचा पाय पाहिला. जोर लावून फेकताना पंडितचा उजवा पाय जमिनीवरून सुटतो, हे भुजंगला दहा वर्षांपासून ठाऊक. आज तो पाय चिखलातून हालत नव्हता. पंडित प्रसाद वाटावा तसा नारळ टाकत होता.

भुजंग गप्प राहिला असता तर जिंकला असता. दोघांशिवाय कुणाला कळलंही नसतं. त्यानं नारळ काखेत मारला आणि पंडितच्या आजीपासून सुरुवात करून, सगळ्या नात्यागोत्याचा समाचार घेत त्याच्यापर्यंत आला. “नीट फेक पंड्या. न्हाई तर हा नारळ टाळक्यात घालीन. डावा हात हाय, नेम चुकंल, पण घालीन.”

पंडितचं तोंड रडवेलं झालं, मग लाल झालं. “त्या दिशी माजा पाय घसरला व्हता, भाड्या,” तो ओरडला. “चार साल झाले, झोप न्हाई मला.”

“मग आता तरी जागा हो. फेक.”

पंडितनं फेकला. पाय सुटला आणि नारळ कपाशीच्या दोन तुकड्यांवरून गेला. मागं पडलेल्या दोन फेकी त्यानं लिंब दिसायच्या आत भरून काढल्या आणि एकतिसाव्या फेकीत खोडावर नारळ आपटला. भुजंगचा एकतिसावा लिंबापासून दोन हात अलीकडं रुतला.

मग धोतर खोचून चिखल तुडवत किशनराव आले. “आरं गाढवाच्या, दोन फेकी म्होरं व्हतास की. थोबाड कशाला उघडलंस? माजा कोंबडा काय तुजा बाप भरून देणार हाय, भुजंग्या?” पाठोपाठ बाकीचेही तुटून पडले. प्रत्येकानं आपापल्या परीनं भुजंगच्या सात पिढ्या उकरल्या. पंडितही त्यात सामील झाला, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

भुजंगच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लिंबाचा झोका सोडून आलेल्या धुरपताबाईनं घाबरून विचारलं, “आवं, लय दुखायलंय का?”

“गप,” भुजंग म्हणाला. “ऐकू दे.”