पटव्याच्या पायाचा अंगठा

हाताच्या पाचही बोटांना आपल्याकडे स्वतंत्र नावं आहेत. पायाच्या वाट्याला दोनच आली, एका टोकाला अंगठा आणि दुसऱ्या टोकाला करंगळी. मधली तीन नुसती बोटं. त्यांतल्या एकाला लग्नात जोडवं मिळतं, तेवढाच त्याचा मान. अंगठ्याला कामं जास्त. ठेच बहुतेक त्यालाच लागते, वाकायचा कंटाळा आला की पडलेला खडू तो उचलतो, आणि माणूस गेला की दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधतात. एवढी नोकरी करूनही त्याचा दर्जा खालचाच. हे माझ्या ध्यानात आलं ते एका स्वागत समितीमुळे.

नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. बऱ्हाणपूर जागचं हललं नाही. राजधानी तेवढी नागपूरहून भोपाळला गेली. मी मराठी शाळेत मास्तर होतो आणि माझं हिंदी बरं होतं, त्यामुळे अचानक मला महत्त्व आलं. नव्या सरकारातले एक उपमंत्री गावात येणार होते. त्यांच्या स्वागत समितीचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. मानपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्यात पाहुण्यांना तीनदा सूर्य म्हटलं होतं. चौथा सूर्य अध्यक्षांनी घातला.

फुलांचा हार कुठेही मिळतो, आपल्या गावची जर प्रसिद्ध, तेव्हा हार जरीचाच हवा, असं ठरलं. त्यासाठी बुधवारा मोहल्ल्यातल्या पटव्याकडे जावं लागलं. दागिने रेशमात ओवून देणं हा त्याचा धंदा. ओट्यावर बसायचा, उजवा पाय लांब करायचा, रेशमाचं एक टोक अंगठ्याला गुंडाळायचा आणि दुसरं दोन्ही हातांत घेऊन पीळ भरायचा. अंगठ्यावर वर्षानुवर्षांची खाच पडली होती. गावातली निम्मी मंगळसूत्रं त्या खाचेतून गेलेली. बायका गळ्यातलं काढून त्याच्या हातात द्यायच्या आणि निर्धास्त भाजीला जायच्या. त्याचं ओवलेलं तुटत नाही, एवढ्यावर त्याचं दुकान चालत होतं. मंगळसूत्र तुटलं तर घरात काय होतं, ते सांगायला नको.

समितीतल्या एका सभासदाने त्याला हार करताना पाहिलं आणि तडक अध्यक्षांना गाठलं. पायाला गुंडाळलेला धागा साहेबांच्या गळ्यात घालायचा का, असा प्रश्न निघाला. त्याच संध्याकाळी बैठक झाली. देवीचे दागिनेही तो असेच ओवतो, हे मी सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, देवीची गोष्ट वेगळी आहे. साहेब भोपाळहून येताहेत." ठराव झाला की हाराला पाय लागू नये. देखरेखीला मला नेमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे सोहळ्याच्या आदल्या दिवशी, मी ओट्यावर जाऊन बसलो. पटव्याने अंगठ्यावर पीळ भरलेला आदला गोफ बाजूला ठेवला होता. समितीच्या सांगण्यावरून दुकानाच्या खांबाला एक मोठा खिळा ठोकला होता. त्याने नवं रेशीम खिळ्याला बांधलं आणि पीळ भरायला घेतला. वीतभर गोफ झाला आणि ढिला पडला. उसवून पुन्हा केला. या वेळी जास्त ओढला गेला आणि मधेच तटकन तुटला. जरीचे मणी ओट्यावरून रस्त्यावर गेले. दोघांनी मिळून वेचले.

त्याने खिळ्याला उरलेलं तुटकं टोक सोडवलं. मग म्हणाला, "खिळ्याले काय समजते, मास्तर? अंगठ्याले समजते, कुठं थांबायचं."

मी म्हटलं, समितीला कसं सांगायचं?

"समितीचं जाऊ द्या. उद्या साऱ्या गावासमोर हा हार तुटला, तर परवा कोणती बाई माझ्या हातात गळ्यातलं देईल?"

माझ्याकडे फक्त देखरेख होती. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही जरासं रस्त्याकडे बघत बसा."

मी रस्त्याकडे बघत बसलो. जैनाबादकडून केळीची गाडी आली. दोन बैल, वर झोपलेला एक माणूस. ती चौकात अडकली, मागच्या टांगेवाल्याने तिच्या मालकाचा उद्धार केला, मालक झोपलेलाच होता. एका वेळी एवढा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. मागे वळलो तेव्हा हार कागदात गुंडाळून तयार होता आणि पटव्याने पाय मांडीखाली घेतला होता.

संध्याकाळी अध्यक्ष खात्री करायला आले. पाय लागला नाही ना, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणालो, मी तरी पाहिलं नाही. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

सोहळा सकाळी झाला. चारही सूर्य वाचून झाल्यावर हार घातला गेला. हा हार किती शुचितेने तयार करवला ते अध्यक्षांनी सविस्तर सांगितलं. साहेबांनी तो गळ्यातून काढला, तेव्हा एक गोंडा त्यांच्या कोटाच्या गुंडीत अडकला. त्यांनी हिसका दिला. गुंडी तुटून व्यासपीठावर गडगडली. गोफ तसाच राहिला. साहेबांनी हार चपराश्याकडे दिला आणि भाषण सुरू केलं. पटवा मंडपाच्या शेवटी उभा होता, तो तेवढ्यावरच निघून गेला.

आठवडाभराने बुधवाऱ्यातून जाताना पाहिलं, तर अध्यक्षांच्या मंडळी ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचं मंगळसूत्र ओवायला दिलेलं होतं. रेशमाचं टोक अंगठ्याला होतं. अध्यक्ष शेजारी छत्री टेकून उभे होते. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि रस्त्याकडे बघू लागले.

खांबावरच्या खिळ्याला पटव्याने आपली टोपी अडकवली होती.