लिफ्टवाल्या अनेस्तीला स्कीइंग येत नव्हतं

अनेस्तीला स्कीइंग येतं का, असं स्त्राझा गावात कुणाला विचारलं असतं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहिला असता. रोदोपी डोंगरातल्या माणसाबद्दल हे कुणी विचारतं का? त्यातून अनेस्ती उताराच्या पायथ्याशी, स्कीवाल्यांना दोराने वर ओढणारी लिफ्ट चालवणारा. पाहुण्यांच्या बुडाखाली लिफ्टची दांडी सरकवून त्यांना वर धाडण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण खरी गोष्ट अशी, की पन्नाशी उलटली तरी हा गृहस्थ एकदाही स्कीवर उभा राहिला नव्हता.

दोष त्याचा नव्हता. बाप मेंढपाळ. पहिला बर्फ पडायच्या आत बाप आणि लेक कळप घेऊन खाली मैदानात उतरायचे, ते वसंतातच परतायचे. गावची पोरं उतारावर आपटत होती तेव्हा अनेस्ती मैदानातल्या चिखलात मेंढ्या मोजत होता. कळप विकून तो कायमचा गावात आला तेव्हा मिसरूड फुटलं होतं, आणि बरोबरीचे सगळे वाऱ्यासारखे खाली येत होते. त्यांच्यासमोर लहान पोरांच्या रांगेत कसं उभं राहायचं? आज नको, पुढच्या हिवाळ्यात बघू, असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

बघून बघून शहाणपण मात्र भरपूर साठलं होतं. नवख्या पाहुण्यांना तो बजावायचा, की दांडीवर बसू नका, ती ओढायला आहे, खुर्ची नाही. मोजा एकच घाला आणि पातळ घाला, दोन घातलेत तर बूट आवळतो आणि पाय गारठतो. मित्राकडून शिकू नका, तो तुम्हाला वर नेईल आणि सोडून देईल. लोक आभार मानायचे आणि अनेस्तीला आतून खजील वाटायचं.

रोज संध्याकाळी लिफ्ट बंद झाली की वरून खालपर्यंत कुणी अडकलं नाही ना, हे बघत स्कीवरून उतरायचं काम त्याच्या जोडीदाराचं होतं. त्या वर्षी जोडीदार जर्मनीला गेला. साहेबांनी सहज सांगितलं, की आता खाली एकच माणूस पुरे, महिन्याच्या सुरुवातीपासून संध्याकाळचा फेरा अनेस्तीने मारावा. अनेस्तीने मान डोलावली. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, हो म्हणावं तर अब्रू.

त्याने आठवड्याची रजा काढली. चुलतभावाकडे डुक्कर कापायचंय अशी थाप मारून तो पार पिरीनच्या डोंगरात गेला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. पिशवीत बायकोने, रुमेनाने, स्वतः विणलेले लोकरीचे जाड मोजे कोंबले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! धास्तीच्या भरात पठ्ठ्याने एकावर एक तीन जोड चढवले आणि दोन नंबर मोठे बूट भाड्याने घेतले.

शिकवणारी मिरेला त्याच्या मुलीच्या वयाची. नवखे एकीकडे, सराईत एकीकडे असं करत ती त्याच्यापाशी आली आणि आधी कधी केलंय का, असं तिने विचारलं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सवय वाईट. अनेस्ती म्हणाला, "मी स्त्राझाचा." तिला तेवढं उत्तर पुरलं. तिने त्याला सराइतांत घातलं.

स्की खांद्यावर घेऊन तो बंद डब्याच्या लिफ्टने माथ्यावर पोहोचला. खाली बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. बाकीचे एकेक करून निघून गेले. मोजे दबून त्या ढगळ बुटांत पाय इकडेतिकडे हलत होते आणि बोटं बधिर झाली होती.

"काका, गुडघा दुखतोय का?" मिरेलाने विचारलं.

आयती सबब हातात आली होती. हो म्हटलं की डब्यात बसून खाली, तिथून घरी. गुडघा सगळ्यांचाच दुखतो, कुणी हसलं नसतं. पण मग महिन्याची पहिली संध्याकाळ येणारच होती, आणि तिथे मिरेला नव्हती. अनेस्ती बर्फात बसला. एवढा मोठा माणूस, पण डोळे भरून आले.

"मला येत नाही, पोरी. कधीच आलेलं नाही."

मिरेला हसली नाही, चिडली मात्र. "हे खाली सांगितलं असतंत तर दोघांचाही दिवस वाचला असता." मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. "आणि मोजे किती घातलेत? लाजू नका, सांगा."

त्याला डब्यातून खाली आणून तिने बूट बदलायला लावले आणि लहान मुलांच्या उतारावर उभं केलं. आधी पडायला शिकवलं. मागे नाही, कडेला पडायचं, कुल्ल्यावर, आणि हात टेकायचे नाहीत, मनगट मोडतं. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या. मग थांबणं, पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब फाकवून. पायांकडे नाही, जायचंय तिकडे बघायचं. शेजारी पाच वर्षांची पोरं सर्रकन पुढे जायची आणि अनेस्ती पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. तिसऱ्या दिवशी त्याला आपल्या पडण्याचं हसू यायला लागलं. शेवटच्या दिवशी तो थांबायचं तिथेच थांबला.

महिन्याची पहिली संध्याकाळ आली. उताराच्या पायथ्याशी त्स्व्यात्कोचं हॉटेल, आणि आमच्या गावात पोरं स्कीवरच जन्मतात, हे पाहुण्यांना ऐकवणारा त्स्व्यात्को स्वतः ओसरीवर उभा. निम्मं गाव चहा पीत होतं. अनेस्ती टाचा फाकवून, गोगलगायीच्या गतीने, प्रत्येक झाडाआड बघत उतरला. वाटेत दोनदा पडला. कडेला पडला आणि नीट उठला.

"गुडघ्याला काय झालं रे तुझ्या?" त्स्व्यात्कोने विचारलं.

"गुडघा ठणठणीत आहे. मला स्कीइंग येत नव्हतं. परवाच शिकलो."

सगळी ओसरी हसली. मेंढ्यांनी शिकवलं का, कुणीतरी टोमणा मारला. रुमेना तिथेच होती. लग्नाआधीपासून मला ठाऊक होतं, तिने सांगून टाकलं, आणि सगळे आणखीच हसले. अनेस्तीही हसला. इतकी वर्षं ज्या हसण्याला भ्यालो ते एवढंच होतं होय, असं त्याला वाटलं.

लोक पांगले. त्स्व्यात्को मात्र कप गोळा करत रेंगाळला, एकच कप कितीदा तरी पुसला.

"अनेस्ती," तो हळूच म्हणाला, "बुधवारी माझं हॉटेल बंद असतं. मला शिकवशील का रे?"