बाहुलीच्या टोपीतला सोडलेला टाका

मी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफ करा. आमच्या घरात सहीच्या पलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि वर्गातही हात वर करून बोलणाऱ्यांतला नाही. तुमचा वेळ घ्यावा असं माझ्यापाशी काही आहे का — कोण जाणे. एक गोष्ट आहे. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. मित्राला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवी तिला तर नाहीच.

गोष्ट एका बाहुलीच्या टोपीची आहे. हसलात तरी चालेल.

आम्ही निपाणीकडचे. वडील नाहीत. मी डिग्रीसाठी बेंगळुरूला आलो, तशी आईही आली. मी हॉस्टेलात राहिलो, आणि तिला बेळ्ळंदूरच्या एका उंच बिल्डिंगमध्ये काम मिळालं — तिथंच राहून मूल सांभाळायचं. माणसं पुण्याची, दोघंही आयटीत. त्यांची चार वर्षांची अन्वी. तिची आई, केतकीताई, वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो. पुढं तुम्ही दोष द्यायला कुणीतरी शोधाल, आणि ते माणूस त्या घरातलं नव्हतं.

रविवारी मी आईला भेटायला जायचो. गेटवरचा वॉचमन दर वेळी विचारायचा, "यार बेकु?" — कोण पाहिजे? मी म्हणायचो, "शोभक्का." माझी आई पाहिजे, असं एकदाही म्हणालो नाही. का नाही? वॉचमनला काय फरक पडणार होता? वर गेलो की स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनशेजारी, स्टुलावर बसायचो. आत येऊ नको असं मला कुणी म्हटलेलं नव्हतं. केतकीताई तर हाका मारायच्या, "अरे, सोफ्यावर बस ना, तिकडे कपड्यांत काय बसतोस!" मीच जायचो नाही. मला त्या सोफ्याचा राग यायचा. तुम्हाला कधी फर्निचरचा राग आलाय?

सगळ्यांत जास्त राग अन्वीचा. चार वर्षांच्या पोरीचा. आई माझ्याशी बोलायला लागली की ती यायची, दोन्ही हातांनी आईची हनुवटी धरायची आणि तिचं तोंड स्वतःकडे वळवायची. "माझी मावशी आहे," मला सांगायची. आई हसायची. अर्धं वाक्य माझ्याकडे, अर्धं तिच्याकडे. बस पकडून, तो रिंग रोड तुंबलेला पार करून मी येत होतो ते या अर्ध्या वाक्यासाठी? — असं तेव्हा वाटायचं. आजही थोडं वाटतं. खोटं कशाला बोलू?

आणि ती बाहुली, मिनी. तिला स्वतःचं कपाट होतं. बूट होते. मला तिच्या प्लास्टिकच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

डिसेंबरात बिल्डिंगच्या क्लबहाउसमध्ये नाताळची पार्टी होती. मुलांनी आपापली बाहुली नाताळची लाल टोपी घालून आणायची, असं ठरलं होतं. केतकीताईंनी अन्वीसाठी विणायचा साचा मागवला — प्लास्टिकचं गोल कडं, त्यावर खुंट्या, आणि एक आकडा. खुंट्यांना लोकर गुंडाळायची, आकड्यानं खालचा फेरा वरच्यावरून काढायचा, आत नळीसारखी वीण उतरत जाते. अन्वी दोन फेऱ्यांत कंटाळली. मग ते कडं आईच्या मांडीवर आलं. खाली पांढरी पट्टी, वर लाल. मी रविवारी गेलो तर ती माझ्याशी बोलताना खाली बघून विणत होती. लहानपणी आम्हाला तिनं कधी काही विणलं नाही, तेवढी फुरसत तिला नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरीही ते मी मनात धरलंच.

टोपी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "शेवटचा दोरा तू ओव की रे. पोरीला सांगते, दादानं पुरी केली म्हणून."

शेवटी काय करायचं असतं ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जाड सुईत लोकर घालून प्रत्येक खुंटीवरच्या टाक्यातून ओवायची, टाका खुंटीवरून उतरवायचा, असं गोल फिरून यायचं आणि दोरा ओढायचा. टोपीचं तोंड आवळून मिटतं. एक जरी टाका ओवायचा राहिला, तरी आवळल्यावर टोपी ठीकच दिसते. पण कुणी ओढाताण केली की तो टाका निसटतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा.

हे सगळं आईनंच मला बजावून सांगितलं. "एक पण सोडू नको हां, नाहीतर सगळी उसवंल."

मी एक सोडला.

हात चुकला, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. चुकला नव्हता. सुई त्या खुंटीपाशी आली, मी टाक्याकडे बघितलं, तो तसाच उतरवला आणि पुढच्यात सुई घातली. वर पांढरा गोंडा शिवला — बरोबर त्या मोकळ्या टाक्यावर, तो झाकला जाईल असा. आई मशीनमधून कपडे काढत होती. मग तिनं हात पुसले, टोपी उजेडाला धरून फिरवून बघितली आणि म्हणाली, "सरी आहे की, एकदम बरोबर! पोरगं हुशार आहे माझं." आणि अन्वीला हाक मारली.

पार्टीचं आईनंच पुढच्या रविवारी सांगितलं. तिथं एका मुलानं टोपी खेचली, अन्वीनं सोडली नाही, आणि वरून खालपर्यंत उभी भेग पडली. पोरं ओरडली, "डॉल का सर फट गया!" अन्वीनं ती टोपी सगळ्यांसमोर आईच्या अंगावर फेकली. "तू घाण केलीस, मावशी!" केतकीताई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे हो मावशी, पण एकदा डोळे दाखवून घ्या."

मला बरं वाटलं. हो — आई सांगत होती आणि मला आतून बरं वाटत होतं.

इथं थांबलो असतो, तर ही एक खोडी झाली असती. लाजिरवाणी, पण खोडीच. मी हे लिहितोय ते पुढच्यासाठी.

आई म्हणाली, "मी उजेडाला धरून बघितलं होतं रे. मला दिसलंच नाही. तू लेकरू, तुझं एखादं राहणारच. पण मला कसं दिसलं नाही?"

तिच्या आईची नजर म्हातारपणाआधीच गेली होती. चुलीपाशी हात चाचपत बसलेली ती बाई आम्ही सगळ्यांनी बघितलीय. आई कशाला भ्याली, हे मला समजलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

मी म्हणालो, "वय झालं आई तुझं. आजीचं असंच सुरू झालं होतं ना?"

ती चाळिशीची होती.

त्यानंतर तिनं एकटीनं संध्याकाळची बस धरणं सोडलं — नंबर चुकेल म्हणून. भाजी निवडताना ताट तोंडाशी धरू लागली. अन्वीला ताप आला तेव्हा औषधाच्या झाकणावरची रेघ तिनं शेजारच्या बाईकडून बघून घेतली. आणि महिन्याभरात काम सोडलं. केतकीताई नको म्हणत होत्या. आई म्हणाली, "परक्याचं लेकरू आहे. उद्या रेघ चुकली तर?" डॉक्टरकडे जायला मात्र तयार नव्हती. "त्यानं सांगितलं की खरं होतंय," म्हणायची. मी आग्रह केला नाही. का केला नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मला हवं होतं तेच झालं होतं. आई त्या घरातून निघाली. आता ती होसकोटेला एका कारखान्यात खोकी बांधते — बघावं लागत नाही, हाताला सवय झाली की होतं, म्हणून तिनं ते निवडलं. रविवारी मी जातो. ती पूर्ण वाक्य माझ्याशीच बोलते. बोलताना डोळे बारीक करते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. काल दुपारी फोनवर तिचा निरोप आला, तिच्याच आवाजात. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो असा आहे —

"अरे, आज कारखान्यात डोळ्यांचा डॉक्टर आला होता. मी मागं मागं सरकत होते, तर बायकांनी धरून बसवलं. तो म्हणाला, अक्का, डोळे एकदम चांगले आहेत, काही झालेलं नाही. मी दोनदा विचारलं. चिडला की माझ्यावर! मग लगेच केतकीताईंना फोन लावला, म्हटलं, येऊ का परत. ते पुण्याला गेले रे, कायमचे. अन्वीला फोन दिला त्यांनी. ती म्हणाली, कोण मावशी? लहान होती, विसरणारच की. बरं, ते असू दे — मला एक सांग, डोळे चांगले होते, तर मग त्या टोपीतलं मला कसं दिसलं नसंल?"