मित्राच्या जागी उभा राहिलेला नट

ते श्रीलंकेतले सिंहली नट होते, चाळीस वर्षं नाटक-सिनेमा केलेले. बुद्धगयेला जाताना चार दिवस कोलकात्यात थांबले होते. गोदीलगतची वस्ती उठवायला निघालेल्यांविरुद्ध आम्ही कार्यकर्ते तिथल्याच खिदिरपूरच्या चौकात पथनाट्याची तालीम करायचो. ते चपला काढून, हात जोडून, ती बघत उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "फार ओरडता. हळू बोला, लोक जवळ येतील."

मी भडकलो. "मग रविवारी आमची निषेध सभा आहे, तिथे तुम्हीच बोला ना, अंकल! की हिंमत फक्त स्टेजवर?"

"स्टेजवरही नव्हती," ते तुटक इंग्रजीत म्हणाले. "आमचा मुख्य नट सरकारविरुद्ध बोलायचा. माझा जिवलग. एका सकाळी त्याला उचलून नेलं. निषेध म्हणून प्रयोग रद्द करू, असं सगळे म्हणाले. मला त्याचं काम तोंडपाठ होतं. मी त्याच्या जागी उभा राहिलो आणि टाळ्या पडल्या. पुढच्या सगळ्या मोठ्या भूमिका त्या टाळ्यांमुळे मिळाल्या."

"आणि तो?"

"परत आलाच नाही."

पत्रकं लिहून लिहून माझ्या जिभेवर शब्द तयारच असतात. "भेकड!" मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, जणू हा शब्द त्यांच्या ओळखीचाच होता. चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

उचलून नेलेल्या माणसांसाठी मी घसा फोडतो. त्या मित्राचं नाव मात्र मी विचारलंसुद्धा नाही.