शून्याखालची वर्षं

"कशा आहात, अक्का?" असं कुणी विचारलं की सुशीलाअक्का लगेच उत्तर देत नसत. आधी गुडघा दाबून बघायच्या, मग गंभीरपणे सांगायच्या, "आज शून्य पूर्णांक सात. जिन्याच्या पायऱ्या नसत्या तर आठ झाले असते." धुळ्याच्या देवपूरची भाजीवाली हे रोज ऐकायची आणि बाईंना साखरेचा त्रास असावा, असं समजून मेथीची जुडी जरा मोठी द्यायची.

ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली. मी आरोग्य-अर्थशास्त्र शिकलेला माणूस. म्हणजे औषध देत नाही, फक्त औषधाने माणसाचं किती भलं झालं ते मोजतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत तेव्हा अर्धांगाच्या रुग्णांसाठी एक प्रयोग चालू होता. फिजिओथेरपिस्ट बाई स्कूटीवरून घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायच्या. हे पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते आमच्या संस्थेच्या अहवालावर ठरणार होतं. त्यासाठी माहिती गोळा करायला आम्ही माणसं घेतली. उभं आयुष्य सरकारी वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेल्या अक्का त्यांतल्या एक.

प्रशिक्षण जळगावात मेहरूणजवळच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. एसी इतका गार होता की पूर्ण आरोग्याची व्याख्या सांगताना माझंच नाक गळत होतं. मी समजावलं, की ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक. मरण म्हणजे शून्य. अर्धवट तब्येतीचं वर्ष अर्धं धरायचं. याला 'गुणवत्ता-समायोजित आयुष्यवर्ष' म्हणतात, आणि हा शब्द एका दमात म्हणता येणारा माणूस साधारण शून्य पूर्णांक नऊच्या वर असतो. काही अवस्था शून्याच्याही खाली जातात, म्हणजे मरणाहून वाईट. इथे अक्कांनी हात वर केला.

"मरणाहून वाईट हे कुणी ठरवलं? मेलेल्यांना विचारलं होतं का?"

सगळे हसले. मी सांगितलं की ते संदर्भसूचीत आहे. संदर्भसूची कुणी उघडून बघत नाही, हा आमच्या धंद्याचा पाया आहे.

पहिल्या फेरीला मी अक्कांबरोबर चोपड्याकडच्या एका गावात गेलो. ओसरीवर एक आजीबाई बसल्या होत्या, डावा पाय लुळा. अक्कांनी प्रश्न वाचला: असंच दहा वर्षं जगायचं, की पूर्ण बरं होऊन कमी वर्षं जगायचं? बरं होण्यासाठी किती वर्षं सोडाल? आजीबाईंनी बराच विचार केला.

"पाच वरीस मी देसू. पन कोन्ले देवाना शेत?"

मी म्हटलं, "कुणाला नाही, आजी. नुसतं विचारायचं असतं."

"मंग कसाले मांगस? मना नातूले दी टाक."

अक्कांनी ते जसंच्या तसं समासात लिहिलं. मी परतीच्या गाडीत त्यांना सांगितलं की असं उत्तर बाद होतं. "साहेब," त्या म्हणाल्या. मला त्या साहेब म्हणायच्या आणि लगोलग अरेतुरेही करायच्या. "साहेब, तू आकडा मागतोस. आपल्याकडची बाई फुकट काही सोडत नाही रे, कुणाला तरी देते." पुढे गावोगाव हेच झालं. कुणी वर्षं मुलाला दिली, कुणी सुनेच्या पोटातल्या बाळाला. मी ती सगळी बाद केली आणि टिपेत लिहिलं, 'उत्तरदात्यांची आकलनक्षमता मर्यादित'. इतकं पांडित्य आम्हालाच शोभतं.

मग एक दिवस अक्कांचा फोन आला. "यादीत माझंच घर निघालंय. आपल्या घरचा फॉर्म आपण भरू नये. तू ये."

त्यांचे यजमान नाना अर्धांगाने अंथरुणाला खिळलेत, हे मला तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांत बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं. नानांनी जन्मभर शाळेत शुद्ध मराठी शिकवली होती. झटक्यानंतर त्यांच्याकडे आईची अहिराणी तेवढी उरली होती. स्कूटीवाल्या बाईंच्या व्यायामाने उजवा हात नुकताच तोंडापर्यंत पोचायला लागला होता. व्यायाम थांबला तर तो पुन्हा खाली पडणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी विचारत गेलो. चालणं? नाही. स्वतःचं आवरणं? नाही. दुखणं? खूप. उदास वाटतं का?

"तू उना तवयपासून," नाना म्हणाले. म्हणजे मी आल्यापासून.

मग तो वर्षं सोडायचा प्रश्न. नानांनी मान कष्टाने वळवली आणि अक्कांकडे पाहिलं. "वरीस मना नही शेत," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "हिना शेत. हिले इचार."

माझ्या फॉर्मवर 'हिले' नावाचा रकाना नव्हता. मी उत्तरांना आकडा लावणारा तक्ता काढून बघितला.

"किती?" अक्कांनी विचारलं.

"वजा."

थर्मामीटर वाचून मान हलवावी तशी त्यांनी मान हलवली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, दुखणं एक पायरी कमी दाखवलं तर आकडा शून्याच्या वर येईल. अहवालात व्यायामाचा लाभ दिसायलाही थोडी मदत होईल."

"ताप जेवढा तेवढाच चार्टवर लिहायचा," त्या म्हणाल्या. "तेच केलं आयुष्यभर. आणि त्यांचं शेवटचं उत्तर बाद कर. नियम तुझाच आहे."

मी केलं. मला आजही त्याची लाज वाटते. बाद करू नका असं सांगायचा अधिकार त्या खोलीत फक्त मला होता, आणि मी तो नियमपुस्तिकेला देऊन मोकळा झालो. अहवाल देखणा झाला, रंगीत आलेखांचं कौतुक झालं, आणि 'खर्चाच्या मानाने लाभ अपुरा' म्हणून स्कूटी बंद झाली. अक्का स्वतःच व्यायाम घ्यायला लागल्या, पण त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेना. नानांचा हात खाली गेला तो गेलाच. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. माझ्या तक्त्यानुसार ती जगले नसते तर धुळे जिल्ह्याचा फायदाच होता.

ते गेल्यावर मी देवपूरला भेटायला गेलो. अक्का वाळल्या होत्या, मनगटं काडीसारखी झाली होती. जे शिकलो तेच तोंडातून आलं. "ही दोन वर्षं कशी गेली, अक्का?"

"वाईट," अक्का म्हणाल्या. "फार वाईट गेली रे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "अजून दोन मिळाली असती, तर घेतली असती."